असाइन, कन्व्हर्ट आणि विटलेली पैठणी

वेबवर टाकायच्या फोटोंच्या रंगांबद्दल मी पोस्ट लिहिली होती, तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून लगेच उत्तर लिहिलं नाही. तुमचे आक्षेप दोन आहेत. ‘प्रोफाइल एसआरजीबी करून टाका’ हे माझं वाक्य अर्धवट आहे, हा एक. (प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणारी, फाइलसोबतची नोंद; एसआरजीबी हे त्यातलं वेबवरचं नेहमीचं.) आणि ‘जुनाट’ एसआरजीबी वापरायला सांगून मी लोकांना कॅमेऱ्याचे रंग फेकून द्यायला शिकवतोय, हा दुसरा.

पहिला बिनशर्त मान्य. ‘करून टाका’ म्हणजे असाइन की कन्व्हर्ट, हे लिहायलाच हवं होतं. कन्व्हर्ट केलं की आकडे बदलतात, रंग तोच राहतो. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. एसआरजीबीतला शुद्ध हिरवा, म्हणजे 0-255-0 (लाल-हिरवा-निळा या क्रमाने), ॲडोबी आरजीबीत (यात एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावतात) कन्व्हर्ट केला की साधारण 144-255-60 होतो. त्या फाइलला नुसतं एसआरजीबी असाइन केलं, की हेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचले जातात आणि हिरव्याचा फिकट पोपटी होतो. पोस्टमधलं वाक्य दुरुस्त केलंय.

दुसरं मात्र पटलं नाही. जुनाट म्हणाल, तर एसआरजीबी 1996 चं आणि तुमचं ॲडोबी आरजीबी 1998 चं. दोनच वर्षांनी धाकटं! आणि रंग फेकतंय कोण? कॅमेऱ्याच्या मेनूतली कलर स्पेस (एसआरजीबी की ॲडोबी आरजीबी ही निवड) जेपेगला लागते, रॉमधला, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमधला, डेटा तसाच राहतो. रॉ जपून ठेवा, एडिटिंग हवं तर त्याहून जास्त रंग मावणाऱ्या प्रोफोटोमध्ये करा (फक्त 16 बिटमध्ये, म्हणजे रंगाच्या पायऱ्या बारीक ठेवून, नाहीतर आकाशात पट्टे दिसतील). माझं म्हणणं वेबवर चढवायच्या फाइलपुरतं आहे.

ही सावधगिरी मी ठेच लागून शिकलो. एका साडीच्या दुकानाच्या कॅटलॉगसाठी पैठण्यांचे फोटो काढले होते. माझ्या मॉनिटरवर हिरवे काठ अगदी जिवंत. मी ॲडोबी आरजीबीतच जेपेग पाठवले. साइटने फोटो लहान करताना प्रोफाइल काढून टाकलं. प्रोफाइल नसलं की ब्राउझर एसआरजीबीच धरतो. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या काकूंचा फोन: “अहो, साडी विटलेली दिसतेय. गिऱ्हाईक म्हणेल, जुना माल काढलाय!” सगळे फोटो रात्री बसून पुन्हा एक्सपोर्ट केले. ॲडोबी आरजीबीचं ते प्रोफाइल जेमतेम 560 बाइटचं असतं हो. तेवढ्यासाठी काय ती काटकसर!

तेव्हा तुमच्या मॉनिटरवर फोटो झकास दिसतो याबद्दल शंका नाही. गिऱ्हाईक तो आपल्या फोनवर बघतं, एवढंच.

तुम्ही घरच्या इंकजेटवर छापता असंही लिहिलंय. तिथे तुमचंच बरोबर. चांगल्या कागदावर हिरव्या-निळ्याच्या मधल्या काही छटा एसआरजीबीच्या बाहेर जातात, त्या मुद्दाम कशाला कापायच्या? बाहेरच्या लॅबला देणार असाल तर मात्र ते कुठलं प्रोफाइल घेतात हे आधी विचारा. आणि बदलायचं झालंच, तर कन्व्हर्ट.