इयन जॅक आणि मुंब्र्याचं वळण

आमच्या डोंबिवलीच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेट घेतो. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारातले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. रेल्वेचं म्हणणं, पाठीवरच्या सॅक एकमेकांना घासल्या. नोव्हेंबरात लोहमार्ग पोलिसांनी दुसरंच टोक धरलं आणि रुळांच्या देखभालीत हयगय केली म्हणून मध्य रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. ग्रुपवर मात्र निकाल पहिल्याच दिवशी लागला होता: आपल्या लोकांना शिस्तच नाही. हे सगळ्यात जोरात कोण म्हणतं? दुबईवाले, न्यू जर्सीवाले. ज्यांना आता सकाळची 8.10 पकडायची नसते ते.

मी राहतो स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत. शिस्तीचे असले दाखले इथून पाठवावेत असं मला वाटत नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी कारण आहे इयन जॅक हा पत्रकार. 1945 सालचा जन्म, वडील फिटर, बालपण स्कॉटलंडमधल्या फोर्थ खाडीवरच्या प्रचंड रेल्वेपुलाच्या पायथ्याशी, नॉर्थ क्वीन्सफेरी गावात. ‘संडे टाइम्स’मध्ये बातमीदारी, मग ‘इंडिपेंडंट ऑन संडे’ आणि ‘ग्रँटा’ या साहित्यिक नियतकालिकाचं संपादकपद, आणि ‘गार्डियन’मधला स्तंभ 2022 मध्ये जाईपर्यंत. आपल्याकडे ते खूप हिंडले. 1977 ते 2012 मधलं त्यांचं भारतावरचं लेखन ‘मोफसिल जंक्शन’ या पुस्तकात आहे. दिल्लीतल्या मंत्र्यांइतकाच त्यांना आडगावचा स्टेशनमास्तर महत्त्वाचा वाटायचा.

1989 साली त्यांनी ‘ग्रँटा’त एक लेख लिहिला. बिहारमध्ये मनिहारी घाटाजवळ ऑगस्ट 1988 मध्ये खच्चून भरलेली लाँच गंगेत बुडाली, चारशेवर माणसं गेली. पुढच्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल बघायला आलेले लिव्हरपूल संघाचे चाहते जाळीच्या कुंपणाशी चेंगरले. मृतांचा आकडा शेवटी 97 वर गेला. जॅकनी या दोन घटना एका लेखात आणल्या. बिहारी माणूस आणि लिव्हरपूलचा कामगार एका पंगतीला! तेव्हाच्या इंग्लंडात हे अनेकांच्या पचनी पडणारं नव्हतं. हिल्सबरोनंतर चार दिवसांत ‘सन’ या खपाऊ दैनिकानं पहिल्या पानावर छापलं होतं की प्रेक्षकांनीच मृतांचे खिसे मारले. धादांत खोटं. दारुडे, बेशिस्त, ही जातच तसली, असं इंग्रज आपल्याच माणसांबद्दल बोलत होते. आमच्या ग्रुपवर जे येतं त्याहून त्यात काय वेगळं होतं?

ग्रुपवरचा एक मित्र म्हणतो, ‘पण तिकडे निदान न्याय तरी होतो.’ होतो, पण कसा? चेंगराचेंगरीत प्रेक्षकांचा दोष नव्हता, त्यांचा मृत्यू हा बेकायदा मनुष्यवध होता, असं ज्यूरीनं म्हटलं ते 2016 मध्ये, म्हणजे 27 वर्षांनी. तेही मेलेल्यांच्या आईबापांनी पिच्छा सोडला नाही म्हणून. त्या दिवशी बंदोबस्त ज्याच्या हाती होता तो पोलीस अधिकारी पुढे 2019 मध्ये निर्दोष सुटला.

जॅकचं मला सगळंच पटतं असं नाही. वाफेची इंजिनं, जहाजांचे कारखाने यांच्या आठवणीत ते कधी कधी इतके रमतात की त्या काळातली गरिबीसुद्धा गोड वाटायला लागते. पण हाच माणूस यंत्राच्या पोटात शिरला की त्याला सोडवत नाही. ऑक्टोबर 2000 मध्ये लंडनच्या उत्तरेला हॅटफील्डजवळ गाडी घसरून चार जण गेले. जॅकनी त्यावर एक छोटेखानी पुस्तकच केलं. रुळाच्या कडेला बारीक तडे गेले होते, रूळ बदलायचं ठरूनही तो बदललेला नव्हता, आणि गाडी वरून जाताच त्याचे तीनशेवर तुकडे झाले. का? तर खासगीकरणात रूळ एका कंपनीचे, देखभाल दुसरीची, गाडी तिसरीची. कंपन्यांना दंड झाला, तुरुंगात कोणी गेलं नाही.

शेवटचा मोठा लेख त्यांनी लिहिला तो इथल्या फेरीबोटींवर. क्लाइड नदीकाठच्या पोर्ट ग्लासगोच्या गोदीला 2015 मध्ये दोन बोटींचं 9.7 कोटी पौंडांचं कंत्राट मिळालं. 2017 मध्ये पहिली बोट थाटामाटात पाण्यात सोडली, तेव्हा तिच्या काही खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या; काच बसवायची बाकीच होती. ती प्रवाशांना मिळाली जानेवारी 2025 मध्ये. जॅकचं एक घर ब्यूट बेटावर होतं, त्यामुळे बोट रद्द झाली की काय होतं हे त्यांना ऐकून कळायची गरज नव्हती. ब्यूटला जाताना आम्हीही वेमिस बेच्या स्टेशनात उतरतो. काचेच्या छताखालून वळत जाणारा उताराचा रस्ता थेट धक्क्यावर नेतो. शेकडो माणसं गाडीतून उतरून बोटीकडे जातात आणि कुणाचा धक्का कुणाला लागत नाही. 1903 साली ज्यानं तो उतार आखला त्यानं गर्दी गृहीत धरली होती. ठाकुर्लीच्या माणसाला तिथे आणून सोडलं तर तोही तितकाच शिस्तीत चालेल.

फेरीबोटींवरचा तो लेख आल्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच जॅक गेले. हॅटफील्डच्या एका रुळाचा त्यांनी कारखान्यापासून कंत्राटापर्यंत माग काढला होता. मुंब्र्याच्या वळणावरच्या रुळाचा असा माग काढलेला एकही मराठी लेख माझ्या वाचनात अजून आलेला नाही. पाठीवरच्या सॅक कशा धराव्यात यावरचे मात्र ग्रुपवर बारा-तेरा तरी आले.