पी-पंप, साडेनऊचा प्लंजर आणि कसाऱ्याची पाच मिनिटं : सिन्नरच्या वाचकाला उत्तर

राम राम दादा,

जुन्या ट्रकची ताकद वाढवायची तर इंजिनात दाबाने डिझेल टाकणारा फ्युएल पंप कोणता घ्यावा, यावर मी मागे लिहिलं, आणि तुम्ही सिन्नरहून मला चांगलंच झोडपलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लोकांना घाबरवून जुन्या ए-पंपालाच बांधून ठेवतो. (ए आणि पी हे बॉशच्या पंपांचे दोन प्रकार, ए लहान, पी मोठा.) अमेरिकेत पोरं पी-पंप बसवून त्याच जमान्याच्या इंजिनातून दुप्पट ताकद काढतात. पंपातला डिझेल ढकलणारा दांडा, म्हणजे प्लंजर, नऊ मिमीचा साडेनऊ केला तर डिझेलमध्ये फरक पडतो साडेपाच टक्के, मी अकरा लिहिले, म्हणजे मला साधं गणित येत नाही. डिलिव्हरी व्हॉल्व्हबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आणि शेवटी, ‘बेंचवर बसून शहाणपण शिकवणाऱ्याने एकदा भरलेली गाडी कसाऱ्याला चढवून बघावी.’

शेवटच्या वाक्यापासूनच घेतो, कारण तेच जास्त लागलं. वडिलांची टाटाची बारा-दहा गाडी होती. लासलगावहून कांदा वाशीला जायचा. जाताना कसारा उतरायचा असतो, चढायचा असतो तो येताना, भिवंडीत मिळेल तो माल भरून. त्या चढात दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीमागे हातात लाकडी उटी (चाकामागे लावायचा ठोकळा) घेऊन चालणारा पोरगा म्हणजे मीच. तेव्हा घाट मला माहीत आहे. पंप तपासायच्या बेंचवर मी नंतर बसलो.

आता डिलिव्हरी व्हॉल्व्ह. इथे तुम्ही बरोबर आहात, शंभर टक्के. मी ‘एलिमेंट बदला आणि कॅलिब्रेशन करा’ (म्हणजे प्लंजर-बॅरलची जोडी बदला आणि बेंचवर डिझेल मोजून लावा) एवढंच लिहिलं, आणि ते अर्धवट होतं. प्लंजरने डिझेल ढकलणं थांबवलं की हा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर बसता बसता पाइपमधलं थोडंसं डिझेल मागे खेचतो. त्यामुळे पाइपमधला दाब झटकन पडतो आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल टपकन बंद होतं. डिझेल वाढलं, प्लंजर वाढला आणि व्हॉल्व्ह जुनाच राहिला, तर हे मागे खेचणं कमी पडतं. दाबाची लाट पाइपात परत येते, नोझलची सुई पुन्हा उचलते आणि चुकीच्या वेळी चार थेंब आत पडतात. नोझलचं टोक काळं होतं, ठिबकायला लागतं, आणि ते ठिबकतं नेमकं पिस्टनच्या डोक्यावर.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. धाकट्या भावाच्या गाडीला मीच, माझ्या हाताने, साडेनऊचे एलिमेंट घातले, रॅक (डिझेल कमीजास्त करणारी पट्टी) वाढवला आणि व्हॉल्व्ह जुनेच ठेवले. पहिल्या खेपेला भावाचा इगतपुरीहून फोन आला, ‘गाडी नुसती पळतेय.’ तिसऱ्या खेपेला चार नंबरचा पिस्टन वितळला. इतकं होऊनही मी लेखात व्हॉल्व्हचं लिहायचं विसरलो, याची तुमच्या शब्दांपेक्षा जास्त लाज वाटली. मूळ लेखात दुरुस्ती टाकली आहे.

पण गणितावर मात्र मी मागे हटणार नाही. डिझेल ढकलतं ते प्लंजरचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ वाढतं व्यासाच्या वर्गाने. ९ मिमीच्या प्लंजरचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस मिमी, साडेनऊचं ७०.९. फरक साडेअकरा टक्क्यांच्या जवळ. तुम्ही नुसते व्यास भागलेत.

आणि हाच हिशोब पुढे नेला, की पंप निवडायचा कसा याचं उत्तर आपोआप मिळतं. तुमची गाडी टाटाची सोळा-तेरा, ६९७ इंजिन. बोअर ९७, स्ट्रोक १२८, सहा सिलिंडर, म्हणजे ५,६७५ सीसी. ताकद १३० एचपी धरू, तुम्हाला हव्यात १८०. असलं इंजिन एका एचपीला तासाला साधारण १७० ग्रॅम डिझेल पितं. १३० ला झाले २२ किलो, लिटरमध्ये साडेसव्वीस. २,५०० फेऱ्यांना सहा सिलिंडर मिळून मिनिटाला ७,५०० वेळा फवारा उडतो. भागाकार करा, एका फवाऱ्याला ५९ घनमिमी येतात. बेंचवर काचेच्या नळ्यांत आम्ही हजार स्ट्रोकचं डिझेल मोजतो, तिथे हाच आकडा ५९ सीसी दिसतो. १८० एचपीसाठी तो ८२ सीसीच्या आसपास जायला हवा.

आता नऊच्या प्लंजरला ५९ द्यायला जेमतेम ०.९३ मिमी कामाचा स्ट्रोक लागतो. (गळती आणि पाइपातल्या लाटा सोडून देऊ.) त्याच प्लंजरने ८२ द्यायचे तर १.२९ मिमी. प्लंजर उचलणारा कॅम तोच, म्हणजे फवारा जवळजवळ चाळीस टक्के जास्त वेळ चालू राहतो. पिस्टन खाली पळायला लागलेला असतो आणि वरून डिझेल पडतंच असतं. ते उशिरा जळतं, ताकद कमी देतं आणि उष्णता सायलेन्सरकडे जाते. ‘रॅक उघडून देतो, काम फत्ते’ म्हणणारा मिस्त्री नेमकं हेच करत असतो. गाडी पळते, खोटं नाही. पण पळते त्यापेक्षा जास्त तापते.

साडेनऊने हा स्ट्रोक १.१६ वर येतो, बाराच्या प्लंजरने ०.७३ वर. मोठा पंप चांगला का, तर एवढ्याचसाठी. तेवढंच डिझेल तो कमी वेळात, जास्त दाबाने आत टाकतो. ए-पंपाचा सांगाडा नोझलकडच्या साडेसातशे बारच्या आसपास हात टेकतो आणि त्यात साडेनऊच्या वर प्लंजर बसत नाही. पी७१०० हा पी-पंप बाराशेपर्यंत जातो. म्हणजे पी-पंपाची तुमची ओढ मुळात चुकीची नाही. मी अडतो ते पुढच्या गोष्टींवर.

पहिली गोष्ट हवा. तुमच्या इंजिनात बिनटर्बो (म्हणजे जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोशिवाय), आपल्या नाशिकच्या उंचीवर आणि उन्हात, तासाला चारशे किलोच्या आतबाहेर हवा जाते. २२ किलो डिझेलला १८ पट हवा झाली, चाललं. १८० एचपीचं डिझेल साडेतीस किलो. ४०० भागिले साडेतीस म्हणजे तेरा. डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा पट तरी हवा लागते, आणि धूर नको असेल तर अठरा. म्हणजे पंप कुठलाही लावा, बिनटर्बो ते डिझेल धूर होऊनच बाहेर येणार. तुम्ही टर्बो बाहेरून बसवून घेतलाय म्हणता, ते मला आधी माहीत नव्हतं. ठीक. मग घाटात लोडवर गेजला पाऊण ते एक बार दाब येतो का, ते बघा. नाही आला तर पंपाचे पैसे टर्बोवर घाला.

दुसरी गोष्ट गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांना लगाम घालणारा पंपाचा भाग, आणि माझ्या मते पंप विकत घेताना सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. पंपाची पाटी वाचायला शिका. पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव २००८ मध्ये मिकोचं बॉश झालं, आपण अजून मिको पंपच म्हणतो, पण पाटीची भाषा तीच आहे. ‘पीईएस ६ ए ९५’ म्हणजे सहा सिलिंडर, ए-पंप, साडेनऊचा प्लंजर. ‘६ पी १२०’ म्हणजे पी-पंप, बाराचा. पुढे आर किंवा एल असतो, ती फिरण्याची दिशा. ती उलटी निघाली तर पंप कितीही चकाचक असो, तुमच्या कामाचा नाही. गव्हर्नरच्या पाटीवरचे आकडे पंपाच्या फेऱ्यांचे असतात आणि पंप इंजिनाच्या निम्म्याने फिरतो. १२५० लिहिलं असेल तर इंजिनाचे २,५००.

नाशकात द्वारकेजवळ एकाने माझ्याकडे एक पंप आणला होता, मोठ्या कौतुकाने. ‘मोठा आहे, स्वस्तात मिळाला.’ पाटीवर शेवटचा आकडा ७५०. म्हणजे १,५०० फेऱ्या. ५० हर्ट्‌झच्या जनरेटरचा पंप! त्या गव्हर्नरवर त्याची गाडी आयुष्यभर ट्रॅक्टरच्या मागे मागे गेली असती. चहा पाजला आणि परत पाठवला.

टर्बोच्या पंपाला गव्हर्नरवर डायफ्रॅमचा एक डबा असतो. टर्बोचा दाब आल्याशिवाय तो पूर्ण डिझेल सोडत नाही. बिनटर्बोच्या पंपाला तो नसतो. तुम्ही टर्बो बसवलात आणि पंप जुनाच ठेवलात, म्हणूनच सिग्नलवरून उचलताना मागचा मोटारसायकलवाला काळा होतो. पीयूसीत अशा जुन्या गाड्यांना धुराची मर्यादा २.४५ प्रति मीटर आहे, आणि ती मोजतात गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर एकदम दाबूनच.

आता तुमची अमेरिका. ते इंजिन म्हणजे कमिन्सचं ५.९ लिटर, १०२ बाय १२०. त्याला तिथल्या डॉज पिकअपमध्ये १९९४ ते १९९८ च्या मध्यापर्यंत कंपनीनेच पी७१०० दिला होता. त्याआधी १९८९ पासून व्हीई नावाचा रोटरी पंप होता. गंमत अशी, की कंपनीने त्याच पी-पंपावर १६० एचपीची गाडीही विकली आणि २१५ ची पण. सेटिंग वेगळं, बरंचसं बाकी सारखं. जुन्या व्हीईवाल्या गाडीवर लोक पी-पंप चढवतात तेव्हा पंपाबरोबर पुढचं गिअर हाउसिंग, गिअर, सगळे पाइप, फीड पंप, लिंकेज, ऑइलची लाइन एवढं सगळं बदलतात. व्हिडिओत ते दोन मिनिटांत होतं. त्या पंपाचा गिअर शाफ्टच्या नुसत्या उतारावर बसतो, चावी नसते. नट आवळायचा १९५ न्यूटन-मीटरला, आणि उतारावर तेलाचं बोट जरी लागलं असलं तरी गिअर सरकतो आणि टाइमिंग गेलं. शिवाय त्या गाड्या आपल्या सोळा टनांच्या ट्रकसारख्या अर्धा तास फुल लोडवर घाट चढत नाहीत. पाय सोडला की त्यांची भट्टी थंड होते, आपली होत नाही. टर्बोच्या अलीकडे ७०० अंशांच्या वर सतत राहणं चांगलं नाही, हे तीच अमेरिकन मंडळी एकमेकांना सांगतात. पण ते कुणी आपल्याकडे पुढे पाठवत नाही.

आणि एक अगदी आपल्या रस्त्याची गोष्ट. ए-पंपाला साइड कव्हर असतं. राहुड घाटात गाडी अडली तरी चांदवडचा मिस्त्री ते उघडून अडकलेला रॅक मोकळा करून देतो. पी-पंप चारही बाजूंनी बंद. त्याचं डिझेल वरची फ्लँज फिरवून लावतात, ते बेंचवरच. दाब जास्त सहन होतो तो याच बंद सांगाड्यामुळे. पण मग घाटात बसून राहायची तयारी ठेवा.

म्हणून तुमच्या गाडीसाठी माझं मत तेच आहे, थोडं सुधारून. तुमच्याच इंजिनाच्या टर्बो मॉडेलचा पंप बघा, डब्यासकट, त्याच्याच गव्हर्नरसकट. त्याचेच डिलिव्हरी व्हॉल्व्ह, त्याचीच नोझल. नोझल तरी खरी घाला हो, सातपुरात बनतात आणि आपण नाशिककर नकली घालतो! त्यात १५५-१६० एचपी व्यवस्थित मिळाले तर तिथे थांबा. १८० च हवेत असतील तर पी-पंप, पण मग वर सांगितलेलं सगळं बिऱ्हाड त्याच्यासोबत. आरसी बुकातल्या गोष्टी बदलायच्या असतील तर कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे जावं लागतं, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही विचाराल, १८० ने मिळणार तरी काय. मीही मांडून पाहिलं. १६ टन गाडी, पाच टक्के चढ, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जाणारं वजा केलं तर १३० एचपीला ३२ चा वेग निघतो, १८० ला ४४-४५ चा. दहा किलोमीटर चढात पाच मिनिटं वाचतात. रोज दोन खेपा मारणाऱ्याला पाच मिनिटं कमी नाहीत, मान्य. तुमच्या किती खेपा होतात, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

पंप काढण्याआधी फीड पंप, फिल्टर आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासून घ्या. पंपाच्या गॅलरीतला (आत डिझेल येतं त्या वाटेतला) दाब पडला की चांगला पंपही रडतो, आणि तो व्हॉल्व्ह म्हणजे एक स्प्रिंग आणि एक गोळी. मग पंपाच्या आणि गव्हर्नरच्या पाटीचा फोटो टाका, पुसून, आकडे दिसतील असा. नाशकात अंबडला येणार असाल तर रविवार सोडून या, आणि गाडी भरलेलीच आणा.