फॅमिली पेन्शनला नॉमिनी? आधी नियम वाचा

निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फॅमिली पेन्शनबद्दल, म्हणजे कर्मचारी गेल्यावर घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनबद्दल, एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं सार असं: 'पेन्शनला मुलीचं नाव नॉमिनी म्हणून घालून ठेवा. ती अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असेल तर तिला जन्मभर पेन्शन. मुलं जास्त असतील तर सारखी वाटणी. बायकोने पुन्हा लग्न केलं की सगळं बंद.' चार वाक्यं आहेत, आणि एकही धड नाही.

नॉमिनीचंच घ्या. ग्रॅच्युइटीला नॉमिनी असतो, मृत्यूनंतर निघणाऱ्या थकबाकीलाही असतो. गोंधळ तिथून आला असावा. फॅमिली पेन्शन कोणाला जाईल, हे २०२१ च्या केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांतला नियम ५० ठरवतो. फॉर्म ४ मध्ये घरच्यांची नावं द्यायची ती नोंद म्हणून, पात्र असोत वा नसोत. इच्छेला जागा आहे ती एका ठिकाणी: जानेवारी २०२४ पासून महिला कर्मचारी, नवऱ्याशी घटस्फोटाचं किंवा घरगुती हिंसाचाराचं प्रकरण चालू असेल तर, त्याच्याआधी मुलांना पेन्शन द्यावी अशी लेखी विनंती करू शकते.

आता मुलीचा मुद्दा. इथेच सगळ्यात जास्त घरं फसतात. मुलगा असो की मुलगी, पेन्शन वयाच्या २५ पर्यंत. त्याआधी लग्न झालं किंवा कमाई सुरू झाली तर तेव्हापर्यंतच. पंचविशीनंतर अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला मिळते खरी, पण तिचं उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरची महागाई सवलत याच्या आत हवं. शिवाय तारखा बघतात. विधवा मुलीचा नवरा तिचे आईवडील किंवा त्यांच्यापैकी एक हयात असताना गेलेला असावा लागतो. मला ही अट निष्ठुर वाटते, पण आहे. घटस्फोटाचं थोडं वेगळं. एक ताई निकालाची प्रत घेऊन आल्या होत्या. निकाल आई गेल्यावर लागलेला, म्हणून हक्क गेला असं धरून बसलेल्या. प्रतीच्या पहिल्याच पानावर दावा दाखल केल्याची तारीख होती, आणि तेव्हा आई हयात होती. दावा आईवडिलांपैकी कोणी हयात असताना दाखल झालेला असला की पुरतं. पेन्शन घटस्फोटाच्या तारखेपासून लागू होते. मी त्यांना म्हटलं, "ताई, निकालाबरोबर घटस्फोटाच्या दाव्याची प्रतही जोडा."

वाटणी? नाही. एका वेळी एकच, जन्माच्या क्रमाने. थोरल्याची पात्रता संपली की धाकट्याचा नंबर. जुळ्यांना मात्र सारखी. पंचविशीच्या आतली मुलं आधी, मग दिव्यांग अपत्य, त्यानंतर पंचविशीपुढच्या मुली. दिव्यांग अपत्याला ती जन्मभर मिळू शकते आणि लग्नाने थांबत नाही, ही गोष्ट मजकुरात कुठेच नाही.

राहिला पुनर्विवाह. मूलबाळ नसलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं तरी तिची पेन्शन चालू राहते, उत्पन्न वर सांगितलेल्या मर्यादेत असेल तर.

आणि ईपीएस-९५ वाल्यांनी, म्हणजे पीएफसोबतच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतल्यांनी, यातलं काही स्वतःला लावू नये. तिथे विधवेच्या पेन्शनसोबतच २५ वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळी रक्कम मिळते.