‘ड्रॉपर म्हणजे मिरवायची वस्तू’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेली काही वर्षे नाशिकच्या सायकलस्वारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक निनावी संदेश इतक्या वेळा फिरला आहे की, नवी माउंटन बाइक घेणारे बरेच जण तो वाचूनच दुकानाची पायरी चढतात. हँडलवरची कळ दाबली की सीट खाली-वर करता येणारा दांडा, म्हणजेच ड्रॉपर सीटपोस्ट, हा त्याचा विषय. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ड्रॉपर हे डाउनहिलवाल्यांचे, म्हणजे फक्त डोंगरउतारावर शर्यत लावणाऱ्यांचे, खेळणे असून नाशिकच्या टेकड्यांवर त्याचे काम नाही, त्याने सायकल अर्धा किलोने जड होते, सीटच्या क्लॅम्पला (दांडा आवळून धरणाऱ्या कड्याला) क्विक रिलीज (हाताने उघडणारी खिट्टी) असले की तेच काम फुकटात होते, तरीही घ्यायचाच असेल तर मिळेल तेवढ्या जास्त ट्रॅव्हलचा (सीट जितकी खाली-वर होते त्या अंतराचा) घ्यावा, जाडी जुळली नाही तर शिम (फट भरणारी पातळ नळी) टाकून भागते, केबलवर चालणारा स्वस्तातला घेऊ नये, हायड्रॉलिकच (तेलाच्या दाबावर चालणाराच) घ्यावा, आणि काहीही घेतला तरी पहिल्याच पावसाळ्यात तो जाम होतो व नाशिकमध्ये तो कोणी दुरुस्त करत नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू लोकांचे पैसे वाचावेत असाच असावा. तरीही यातले एखाद-दुसरे विधान अर्धे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत, आणि ट्रॅव्हलविषयीच्या सल्ल्याने तर माझे स्वतःचे नुकसान झाले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डाउनहिल शर्यतीची सायकल ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला पहिल्या विधानातला विनोद लगेच कळेल. त्या सायकलींना ड्रॉपर बहुधा नसतोच. त्यांना चढायचे नसते, वर नेण्याची सोय वेगळी असते, त्यामुळे त्यांची सीट कायमची खाली बसवलेली असते. ड्रॉपरची गरज असते ती जो आपल्याच पायांच्या बळावर चढतो आणि मग त्याच सायकलीवरून उतरतो त्याला, म्हणजे आशेवाडीहून रामशेजच्या पायथ्याला वळसा घालणाऱ्याला किंवा अंजनेरीच्या पायथ्याच्या पायवाटांवर रविवारची सकाळ घालवणाऱ्याला. चढावर पेडल तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा इतकी सीट उंच लागते, नाहीतर गुडघे आणि मांड्या भरून येतात. उतारावर मात्र तीच उंच सीट आडवी येते: कंबर मागे आणि खाली नेता येत नाही, वजन पुढच्या चाकावर जाते, आणि मुरूम सुटलेल्या ओघळीत पुढचे चाक धोंड्याला अडले की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. सीट खाली असली की सायकल शरीराखाली डावी-उजवीकडे झुकवता येते आणि वळणावर शरीर सरळ ठेवता येते. हा फायदा केवळ डोंगरापुरताही नाही. मातेय मोहोरिच या स्लोव्हेनियाच्या सायकलपटूने 2022 ची मिलान–सान रेमो ही डांबरी रस्त्यावरची शर्यत जिंकली, तेव्हा पोज्जिओ टेकडीच्या शेवटच्या उतारासाठी त्याने रेसिंग सायकलला ड्रॉपर लावलेला होता. डांबरावरच्या उतारासाठी ज्याला तो लावावासा वाटला, त्याला कोणी डाउनहिलवाला म्हणणार नाही.

वजनाचा मुद्दा फार लांबवण्याजोगा नाही. अ‍ॅल्युमिनियमचा साधा दांडा साधारण 250 ते 300 ग्रॅमचा असतो, आणि 150 मिलिमीटर ट्रॅव्हलचा ड्रॉपर लिव्हर (हँडलवरची कळ) व केबलसह बहुधा 600 ते 700 ग्रॅम भरतो. म्हणजे खरी वाढ साडेतीनशे-चारशे ग्रॅमची, आणि भरलेल्या पाण्याच्या बाटलीतले पाणीच त्याहून जड असते. आपल्या शहरात वजनाचा हिशेब इतका बारकाईने का होतो, हे मात्र समजण्यासारखे आहे. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पूर्ण केल्यापासून नाशिकचे सायकलिंग म्हणजे लांब पल्ल्याचे सायकलिंग, असे समीकरण अनेकांच्या मनात बसले आहे, आणि शेकडो किलोमीटर डांबर कापणाऱ्याला प्रत्येक ग्रॅम मोजावासा वाटला तर ते योग्यच आहे. तो काटा तेरा किलोच्या हार्डटेलला (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीला) लावण्यात मात्र अर्थ नाही.

क्विक रिलीजविषयीचे विधान मला अर्धे खरे वाटते. एकच लांब चढ आणि त्यानंतर एकच लांब उतार असेल, तर माथ्यावर थांबून, पाणी पिऊन, क्लॅम्प सैल करून सीट खाली करण्यात काहीही गैर नाही. अनेक वर्षे आम्ही तेच केले. अडचण अशी की आपल्याकडच्या वाटा अशा नाहीत. गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला किंवा म्हसरूळला चामर लेणीच्या डोंगराच्या पायथ्याशी दर दोनशे पावलांवर चढ-उतार बदलतो, तिथे प्रत्येक वेळी उतरून क्लॅम्प उघडणारा माणूस एक तर मागे राहतो किंवा कंटाळून सीट मध्येच कुठेतरी ठेवतो, आणि ती उंची चढाला कमी, उताराला जास्त अशी दोन्हीकडून निरुपयोगी ठरते. शिवाय दांडा वारंवार वर-खाली केल्याने त्याला लागलेली वाळू सीटट्यूबच्या (दांडा ज्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीच्या) आत जाते. दांड्यावर ज्या उभ्या चरा पडलेल्या दिसतात, त्या त्यामुळेच. ही अडचण नवी नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी ‘हाइट राइट’ नावाची स्प्रिंग काढली होती. क्लॅम्प सैल करून वजन टाकले की सीट खाली जाई, आणि उठले की स्प्रिंग तिला पुन्हा वर ढकलत असे. म्हणजे क्विक रिलीज अपुरे पडते, हे ज्यांनी ते वापरले त्यांनाच आधी कळले होते. तरीही एक कबुली द्यायला हवी: सायकल वीस-पंचवीस हजारांची असेल, ब्रेक ओरडत असतील आणि टायर गुळगुळीत झाले असतील, तर आधी ब्रेक आणि टायर बदलावेत, ड्रॉपर नंतर.

आता ट्रॅव्हलचा प्रश्न. ‘मिळेल तेवढ्या जास्त ट्रॅव्हलचा घ्या’ हे वाचून मी 170 मिलिमीटरचा दांडा मागवला, बसवला, आणि तो पूर्ण वर आल्यावर पेडल तळाशी असताना माझी टाच त्यावर काही टेकेना. दांडा फ्रेममध्ये तळापर्यंत गेलेला होता, त्याहून खाली जायला जागाच नव्हती, आणि सीट मला लागते त्यापेक्षा बोटभर उंच राहिली. दुकानदाराने तो परत घेतला नाही, आणि वापरलेली वस्तू परत न घेण्यात त्याची चूकही नव्हती. चूक होती ती न मोजण्यातली, आणि मोजायला घरातली स्टीलची टेप पुरते.

आपल्या साध्या दांड्यावर सीट चढाला योग्य त्या उंचीवर असताना सीटट्यूबच्या वरच्या कडेपासून सीटखालच्या दोन रुळांपर्यंतचे अंतर मोजावे. माझ्या सायकलीवर ते 205 मिलिमीटर आहे. या अंतरात दोन गोष्टी मावल्या पाहिजेत: ड्रॉपरचे ट्रॅव्हल, आणि दांडा पूर्ण खाली गेल्यावरही फ्रेमच्या वर उरणारा भाग, म्हणजे त्याचा जाड गळा व सीट धरणारे डोके. हा उरणारा भाग बऱ्याच सीटपोस्टमध्ये 40 ते 50 मिलिमीटरचा असतो आणि उत्पादकाच्या आकृतीत लिहिलेला असतो. तो 45 धरला, तर 150 चा दांडा 195 मध्ये बसतो आणि मला दहा मिलिमीटर शिल्लक राहतात. 170 चा दांडा 215 मागतो, आणि तिथेच माझे गणित फसले होते. काही पोस्टमध्ये आत छोटे तुकडे बसवून ट्रॅव्हल दहा-वीस मिलिमीटरने कमी करता येते, त्यामुळे काठावरच्या मापाला तो मार्ग उरतो.

एवढ्याने मोजणे संपत नाही, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. ड्रॉपरचा खालचा भाग लांब असतो. 150 च्या पोस्टची एकूण लांबी सव्वाचारशे-साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास असली, तर रुळांपासून फ्रेमच्या कडेपर्यंतचा भाग वजा जाता जवळजवळ अडीचशे मिलिमीटर दांडा सीटट्यूबच्या आत उतरावा लागतो, आणि केबल आतून जाणारी असेल तर खाली तिला वळायला आणखी थोडी जागा लागते. सीटट्यूब आतून तेवढी सरळ आणि मोकळी आहे का, हे बाहेरून नेहमी कळत नाही. फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या) फ्रेममध्ये ती मध्येच वाकते किंवा पिव्हटपाशी, म्हणजे मागचा भाग जिथे हलतो त्या सांध्यापाशी, संपते, आणि साध्या हार्डटेलमध्येही बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूंसाठी बसवलेल्या नटांची टोके आत आलेली असतात. जुना दांडा काढून तीच टेप नळीत सोडावी, अडेल तिथे बोटाने धरावी आणि आकडा लिहून ठेवावा. बुटक्या फ्रेमवर हा आकडा अनेकदा 125 किंवा 100 च्याच ट्रॅव्हलला परवानगी देतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. आमच्यातली एक पाच फूट दोन इंच उंचीची सायकलस्वार 100 च्या ड्रॉपरवर माझ्याआधी खाली पोहोचलेली असते.

जाडीच्या बाबतीत संदेशातला ‘शिम’ हा उपाय एकाच दिशेने चालतो. माउंटन बाइकच्या दांड्यांच्या नेहमीच्या जाड्या 27.2, 30.9, 31.6 आणि 34.9 मिलिमीटर अशा आहेत. मोठ्या नळीत बारीक दांडा शिम टाकून बसतो. बारीक नळीत जाड दांडा कशानेही बसत नाही. ज्यांची फ्रेम 27.2 ची आहे, त्यांना ड्रॉपर मिळतो, मात्र निवड कमी असते आणि ट्रॅव्हलही बहुधा कमी असते, हे आधी माहीत असलेले बरे. शाळेच्या पट्टीने हे माप घेऊ नये, कारण पट्टीवर 30.9 आणि 31.6 हे दोन्ही एकतीसच दिसतात. जुना दांडा पूर्ण बाहेर काढला की त्याच्या खालच्या भागात, जास्तीत जास्त कुठवर बाहेर काढावा हे सांगणाऱ्या रेघेजवळ, हा आकडा बहुधा कोरलेला असतो; नसेल तर व्हर्निअर (बारीक माप घेणारा कॅलिपर) लावावा. त्याच वेळी फ्रेममध्ये केबल आत नेण्याचे भोक आहे का तेही पाहावे. नसेल तर बाहेरून केबल येणारा ड्रॉपर घ्यावा. स्वतः ड्रिल चालवून फ्रेमला भोक पाडण्याचा विचार तर करूच नये. बाहेरच्या केबलमध्येही केबल सीटच्या डोक्याला न जोडता गळ्याला जोडलेली असावी, कारण डोक्याला जोडलेली केबल सीट खाली जाताच बाहेर फुगून पोटरीला किंवा मागच्या टायरला घासते. पेडलपाशी पुढे दोन-तीन दातेरी चकत्या असतील, तर डाव्या हाताला आधीच गिअरचा शिफ्टर असतो. तिथे हँडलखाली बसणारी लिव्हर मावत नाही आणि वर बसणारी वेगळी मागावी लागते.

‘हायड्रॉलिकच घ्या’ या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. आजच्या बहुतेक ड्रॉपरच्या पोटात दाबाखालचा वायू आणि तेल असलेले कार्ट्रिज (बंद नळकांडे) असतेच, मग तो स्वस्त असो वा महाग. सीटला वर ढकलतो तो वायू आणि जागेवर धरून ठेवते ते तेल. केबल, तेलाची नळी किंवा वायरलेस हा फरक केवळ लिव्हरपासून आतल्या झडपेपर्यंत निरोप कसा पोहोचतो, एवढाच आहे. केबलवाल्यात गिअरची साधी आतली तार चालते आणि ती गावातल्या कोणत्याही चांगल्या सायकल दुकानात मिळते. तेलाच्या नळीत हवा शिरली की ब्लीड करावे लागते, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागते, आणि वायरलेसला बॅटरी चार्ज करायची आठवण लागते. हरसूलच्या रस्त्यावर तार तुटली तर मी ती बदलू शकतो, म्हणून माझी निवड केबलची आहे.

राहिला पावसाळा. ड्रॉपर ‘जाम होतो’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली, आणि ज्या सायकली स्वतः पाहिल्या, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी दोष पावसाचा नव्हता, तर सीटच्या क्लॅम्पचा होता. साधा दांडा घसरू नये म्हणून क्लॅम्प ताकदीने आवळायची आपल्याला सवय असते. ड्रॉपरची बाहेरची नळी पातळ असते, ती दाबली गेली की आतला दांडा अडकतो किंवा गोगलगाईसारखा वर येतो. पाच-सहा न्यूटन मीटर एवढा ताण साधारण पुरतो. सीट हळू येत असेल, तर आधी क्लॅम्प पाव फेरा सैल करून पाहावा, मग दुकान गाठावे. उरलेला त्रास चिखलाचा असतो, आणि तो मागचे चाक थेट दांड्याच्या पाठीवर फेकते, जिथे आपली नजर जात नाही. त्याला माझा उपाय फुकटचा आहे: जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा उभा चिरून सीटच्या रुळांना झिप टायने बांधावा आणि खालचे टोक फ्रेमला अडकवावे. घरी आल्यावर दांडा ओल्या फडक्याने पुसावा, सीलवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, गंज सोडवणारे स्प्रे त्यावर वापरू नयेत, आणि सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नये, कारण काही पोस्टमध्ये त्याने आत हवा ओढली जाते. सीटच्या टोकाला डावी-उजवीकडे किंचित हालचाल जाणवते, ती मात्र दोष नव्हे.

‘नाशिकमध्ये कोणी दुरुस्त करत नाही’ यातही तथ्य कमी आहे. गळा उघडून पुसणे आणि नवे ग्रीस लावणे हे अर्ध्या तासाचे काम कोणताही हुशार मेकॅनिक करतो. कार्ट्रिज मात्र बहुतेक केबल पोस्टमध्ये दुरुस्त होत नाही, अख्खे बदलावे लागते, म्हणून विकत घेतानाच ‘याचे कार्ट्रिज सुटे मिळते का आणि किती दिवसांत येते’ हे विचारावे आणि उत्तर गुळमुळीत असेल तर दुसरा दांडा पाहावा. माझ्या 150 च्या पोस्टवर बसले की सीट दोन-तीन मिलिमीटर दबू लागली, तेव्हा तिसरा पावसाळा संपला होता. नवे कार्ट्रिज कुरिअरने आले आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी ते पाऊण तासात बसवले.