आजी पडल्या तर आधी मोबाइल काढा

चीनमध्ये राहायला निघालात? उत्तम. लोणच्याची बरणी नीट गुंडाळली असेलच. आता तिथे भला माणूस म्हणून कसं वावरायचं, तेवढं शिकून घ्या.

बसथांब्यावर एखाद्या आजी पडल्या, तर लगेच धावू नका. २००६ साली नानजिंगमध्ये एक तरुण असाच धावला. आजींना उचललं, दवाखान्यात पोचवलं, वर खिशातले पैसेही दिले. आजींनी त्याच्यावरच दावा ठोकला, यानेच धक्का दिला म्हणून. कोर्टाने विचारलं, धक्का दिला नसता तर हा मदत करायला कशाला गेला असता? पोराला ४५ हजार युआनच्या वर भुर्दंड बसला. पुढे २०१२मध्ये अधिकारी म्हणाले, धक्का लागल्याचं पोराने कबूल केलंय. पण तोवर उभ्या देशाने धडा घोकून ठेवला होता.

तेव्हा आधी मोबाइल काढा. दोन साक्षीदार चौकटीत घ्या. ‘मी माझी मीच पडले’ असं आजींकडून स्पष्ट आवाजात वदवून घ्या. मग हात द्या.

२०११मध्ये फोशानला दोन वर्षांच्या मुलीवरून गाडी गेली आणि अठरा जण तिच्या शेजारून निघून गेले. थांबली ती भंगार वेचणारी बाई. कोर्टाचे निकाल वाचायची तिला सवय नसावी.

२०१७पासून मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. माणुसकीला आता कलम १८४ लागू.

कोण किती विश्वासू याचा हिशेब ठेवायची सरकारी योजना, म्हणजे ‘सोशल क्रेडिट’, मात्र २०१४चीच. आपल्याकडे पारावर सांगतात तसा प्रत्येक चिन्याच्या कपाळावर गुणांचा आकडा नसतो हं. शानडोंगमधल्या रोंगचेंगसारख्या शहरांनी माणशी हजार गुण वाटून पाहिले, पण खरा धाक काळ्या यादीचा. कोर्टाने सांगूनही पैसे न देणारा तो ‘लाओलाय’. त्याला विमान बंद, वेगवान रेल्वे बंद. २०१८ संपेपर्यंत विमानाची १ कोटी ७४ लाख तिकिटं अशी नाकारली गेली. काही ठिकाणी तर त्याला फोन लावला की रिंगऐवजी त्याची कीर्तीच ऐकू येते. बुडवायचंच असेल तर चालायची सवय ठेवा.

सिग्नल तोडू नका, आणि जाहिरातीतही झळकू नका. २०१८मध्ये निंगबोच्या कॅमेऱ्याने डोंग मिंगझू या बड्या उद्योजक बाईंना सिग्नल तोडताना पकडलं आणि चौकातल्या पडद्यावर झळकवलं. बाई तिथे नव्हत्याच. त्यांचा फोटो असलेली बस तेवढी गेली होती.

बीजिंगच्या स्वर्गमंदिरात जाणार असाल तर आदल्या रात्री जपून जेवा. तिथल्या स्वच्छतागृहात २०१७ साली चेहरा ओळखणारी यंत्रं बसवली. टोपी-चष्मा काढून उभं राहायचं, मग साधारण ६० सेंटिमीटर कागद मिळतो. पुन्हा हवा असेल तर नऊ मिनिटं थांबा. अगदीच निकड असेल तर शेजारच्याकडे मागून पाहा. देईल तो. फक्त आधी मोबाइल काढेल.