सापळ्यातला बल्ब

काल अंधेरीत एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो. डोक्यावर दिव्याला टोपी म्हणून काय टांगलंय, तर मासे धरायचा सापळा! वापरलेला. काड्यांत चिखल वाळलेला.

माझा मामा हे विणायचा. शहापूरकडे आजोळ आमचं. काठ्या निरगुडीच्या, ज्यांची धान्याची कणगी विणतात त्याच. बांधायला पळसाचं मूळ. ते खणून, दगडावर ठेचून त्याची साल काढायची आणि ओली असतानाच आवळायची. सुकल्यावर गाठ नखाने सुटत नाही. खरी करामत आतल्या घशात. काड्यांची टोकं नरसाळ्यासारखी आत वळवलेली, मासा अंग चोळत शिरतो, परत फिरला की तीच टोकं तोंडावर. लहानपणी मी त्यात हात घातला आणि बोंबललो. मामाने काड्या फाकवून सोडवला, वर दोन शिव्या.

पहिला पाऊस झाला की ओढ्यात लावायचा, तोंड खालच्या अंगाला, कारण वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला निघालेले, मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. आता कुणीतरी 'निसर्गाशी नातं' वगैरे लिहील. जरा थांबा. वलगणीचा मासा गाभोळीने भरलेला असतो आणि चवीसाठी आम्ही नेमका तोच धरायचो. मामा काही संत नव्हता.

पण त्याच्या सापळ्याला बोट जाईल एवढी फट असायची. पिल्लू त्यातून सटकायचं. पुरात वाहून गेला तर कुठेतरी कुजून जायचा. हल्ली घडीचे नायलॉनचे सापळे मिळतात, बारीक जाळीचे, स्वस्त. तो हरवला की धनी नसतानाही मासे मारत राहतो. मेलेल्या माशाच्या वासाने पुढचा येतो. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांची किमान लांबी ठरवली, बोंबलाची १८० मिलिमीटर. चांगलंच केलं. पण बाजारात पाटीतले बोंबील पट्टीने कोण मोजतंय? फट विणतानाच ठेवली तर मोजायची वेळच येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे टांगायचं सामान नाही, अक्कल आहे. विणणाऱ्याला नुसते टोपलीचे पैसे देऊ नका. तो सापळा चालतो कसा, हेही त्याला विचारा.

घरी येऊन आईला फोटो दाखवला. चष्मा लावून बघत राहिली. मासे काढायला सापळ्याच्या शेपटाकडे भोक असतं, त्यात गवताचा बोळा कोंबतात. हॉटेलवाल्यांनी वायर तिथूनच आत घेतली होती.

"बोळा कुठंय रे?" आई म्हणाली. "सगळे पळतील ना."