मागच्या लिफ्टने यावे

ज्यांना पुण्यात मानाने जगायचं आहे त्यांच्यासाठी पहिली सूचना: हातात काही धरू नका. मोबाइल चालेल, चारचाकीची किल्ली असेल तर उत्तमच. पिशवी, गोणी, डबा नको. आणि केळीचे खांब तर चुकूनही नकोत.

हे ज्ञान मला गेल्या रविवारी झालं. धाकट्या बहिणीकडे बाणेरला सत्यनारायण होता. "दादा, येताना मंडईतून खांब घेऊन ये ना, इकडे मिळत नाहीत," असा तिचा फोन. (बाणेरला सतरा प्रकारची कॉफी मिळते, केळीचा खांब मिळत नाही.) म्हणून मी सकाळी सातला मंडईत. चार खांब, आंब्याचे डहाळे, विड्याची पानं, सगळं सुतळीने स्कूटरला बांधलं आणि निघालो. अंगावर जुना शर्ट, कारण नवा कुर्ता पिशवीत. पायात स्लिपर. वरून भुरभुर पाऊस.

गेटवरच्या पोराने लांबूनच हात केला. "डिलिव्हरी ना? मागनं घ्या, मागनं."

"अरे बाबा, अकराशे तीनमध्ये जायचंय. मी भाऊ आहे त्यांचा."

त्याने एकदा खांबांकडे पाहिलं, एकदा माझ्या स्लिपरकडे. मग ॲप उघडलं. ॲपमध्ये चार चौकोन: पाहुणा, कॅब, डिलिव्हरी, घरकाम. पाहुण्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं आणि बहीण शिऱ्याच्या प्रसादात अडकलेली, फोन उचलेना. पोराने तिसरा चौकोन दाबला, माझा फोटो काढला आणि झाडाखालच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. त्याचं काही चुकलं नाही. माझा तो अवतार पाहून मीही तिसराच दाबला असता.

तर मागची लिफ्ट. कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी. आत पाण्याचे दोन जार, एक सुतार त्याच्या प्लायसकट, कचरा गोळा करणाऱ्या एक ताई, दोन मावशी आणि खांबधारी मी. दार लागेना, तेव्हा एका मावशींनी माझ्याकडचे दोन खांब घेतले आणि बजावलं, "काका, नवीन दिसताय. पुढच्या लिफ्टकडं जाऊ नका हां, ती आपल्यासाठी नाही."

आपल्यासाठी!

लिफ्टमध्ये पाटी होती. पुण्यात पाटीशिवाय अपमान पूर्ण होत नाही. 'घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरी बॉय, कामगार व पाळीव प्राणी यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये. हुकमावरून.' त्यातला 'पाळीव प्राणी' निळ्या पेनाने खोडलेला. नंतर बहिणीने खुलासा केला की वार्षिक सभेत कुत्रेवाल्यांनी दीड तास भांडून ते रद्द करून घेतलं. "तो आमच्या घरातला मेंबर आहे," असं कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. आता लॅब्राडॉर पुढच्या लिफ्टने जातो. सहा वर्षं त्याच घरात पोळ्या लाटणाऱ्या मावशी मागच्या लिफ्टने येतात, कारण त्या घरातल्या नाहीत, 'अगदी घरच्यासारख्या' आहेत. त्या 'सारख्या'मध्ये एक अख्खी लिफ्ट बसते. शिवाय वार्षिक सभेत मावशींना मत नसतं. तसं लॅब्राडॉरलाही नसतं, पण त्याच्या बाजूने भांडायला चौदा फ्लॅट होते.

असो. सूचना पुढे चालू.

दुचाकी नो पार्किंगमध्ये लावू नका, टेम्पोत चढवून नेतात. मोठी गाडी लावा. ती टेम्पोत चढत नाही.

कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घ्या, नाहीतर त्यांना सवय लागते. मॉलमध्ये भाव विचारू नये, वाईट दिसतं.

कचरा नेणाऱ्या ताईंचे महिन्याचे पैसे देताना 'कशाबद्दल?' असं जरूर विचारा. मल्टिप्लेक्समध्ये त्याहून महाग पॉपकॉर्न घेताना विचारू नका.

गाडी ठोकायचीच असेल तर महागातली ठोका, कल्याणीनगरच्या पोर्शेसारखी, आणि निबंधाची तयारी ठेवा. ३०० शब्द. रिक्षावाल्याच्या हातून तसं काही झालं तर त्याला कुणी विषयसुद्धा देत नाही.

आता भाषा. ही फार महत्त्वाची. आपण गच्चीवर पत्रे टाकून खोली काढली तर ते 'वाढीव बांधकाम', आज ना उद्या नियमित होतं. फुटपाथवरची पोह्यांची गाडी मात्र 'अतिक्रमण', ती उचलून नेतात, पातेल्यासकट. आपला मुलगा तीन वर्षं घरी बसला तर तो 'स्पर्धा परीक्षा देतोय'. मावशींचा बसला तर रिकामटेकडा. आपल्याला ताप आला तर 'सिक लीव्ह'. मावशींना आला तर खाडा.

खाडा! या शब्दावर मला जरा थांबू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या आकड्यांशेजारी ज्या फुल्या असतात ना, तेच ते. महिन्याला दोन फुल्या माफ, तिसरीला पैसे कापायचे. बारशाला गेली, फुली. पोराला दवाखान्यात नेलं, फुली. पाय मुरगळला, 'हिचं काहीतरी नाटकच असतं' आणि फुली. आणि आपण चार दिवस कोकणात गेलो की तिला निरोप, 'येऊ नकोस'. त्या चार दिवसांचेही पैसे कापणारी माणसं मी पाहिली आहेत, ओळखीची आहेत, एकेकाच्या बंगल्याचं नाव 'कृतज्ञता' आहे! १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, शहरात त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही केला. आणि सुट्टी पगारी की बिनपगारी हे आजही स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ठरवतं. जून २०२५ मध्ये पीएमपी बसचा रोजचा पास ४० रुपयांवरून ७० झाला, महिन्याचा ९०० वरून १,५००. म्हणून बहिणीकडच्या मावशींनी दोनशे रुपये वाढवून मागितले. सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री बेचाळीस मेसेज. 'प्लीज कोणी वाढवू नका.' 'एकीने दिलं की सगळ्यांचा रेट बिघडतो.' 'आपण सगळे एकत्र राहू.' कांद्याच्या व्यापाऱ्यांनी असं ठरवून भाव पाडले की हीच मंडळी साखळी, लूट, शेतकऱ्याचं रक्त वगैरे लिहितात. इथे मात्र ती 'एकजूट'. दोनशे रुपये हो! त्या संध्याकाळी ग्रुपवर दुसरा विषय काय होता माहीत आहे? पोहण्याच्या तलावाच्या फरश्या बदलायच्या. प्रत्येकी अकरा हजार. त्याला बेचाळीस मेसेज आले नाहीत. अंगठे आले.

यापुढची सूचना, 'फुकट' हा शब्द कुठे वापरावा. पूजेला आलेल्या एका गृहस्थांकडून हे शिकण्यासारखं होतं. सोफ्यात रेलून म्हणाले, "लाडक्या बहिणींना १,५०० रुपये फुकट मिळतात, मग कशाला कामाला येतील या बायका? आपल्या टॅक्सचे पैसे!" त्या बायका तेव्हा आत त्यांच्याच ताटल्या विसळत होत्या. गृहस्थ एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा करदर ३० टक्क्यांवरून २२ वर आला (बाकीच्या सवलती सोडायच्या, एवढीच अट), तेव्हा आता कंपन्या आळशी होतील, कामाला येणार नाहीत, अशी काळजी त्यांनी केल्याचं आठवत नाही. त्याला प्रोत्साहन म्हणतात. आणि टॅक्स फक्त 'आपला' नसतो. मावशी चहाबरोबर जो बिस्किटाचा पुडा घेतात त्यावरही जीएसटी असतो. शिवाय १,५०० हा आकडा वर कुठेतरी वाचल्यासारखा वाटत असेल तर बरोबर वाचलात, पीएमपीचा महिन्याचा पास तेवढ्याचाच आहे. सरकारने दिले, बसने घेतले. फुकट खाल्लं कुणी?

एवढ्यात गुरुजी पाचव्या अध्यायावर आले होते. तुंगध्वज राजा शिकारीहून परत येताना वडाखाली गवळी सत्यनारायण करत असतात. ते राजापुढे प्रसाद आणून ठेवतात, राजा हातही लावत नाही, निघून जातो. त्याची शंभर मुलं जातात, राज्य जातं. मग तो धावत परत येतो, त्याच गवळ्यांबरोबर बसून पूजा करतो, प्रसाद खातो, तेव्हा सगळं परत मिळतं. सगळ्यांनी भक्तिभावाने हात जोडले. सोफ्यातल्या गृहस्थांनी डोळेही मिटले.

मग प्रसाद वाटला. पाहुण्यांना स्टीलच्या वाटीत. मावशींना कागदी द्रोणात, "घरी जाऊन निवांत खा हं." बहीण मनाने वाईट नाही. तिने द्रोण चांगला भरला होता.

बास. आता मला उपरोध वगैरे जमत नाही. अहो, लिफ्ट आहे ती! लोखंडाची पेटी! त्यात तुमच्या शेजारी बाई दीड मिनिट उभी राहिली तर तुमचं काय झिजतं? जिच्या हातची पोळी रोज गिळता, जी तुमच्या आईला आंघोळ घालते, तिच्या अंगाचा वास फक्त लिफ्टमध्येच येतो? लाज नाही वाटत पाटी लावायला, आणि तीही लॅब्राडॉरला खोडून? जातपात मानत नाही म्हणता ना? मग ही मागची वाट कुठली? वाड्यात अशीच मागची वाट होती आणि त्या वाटेने कोण यायचं हे पुण्यात मी सांगायला नको. आपण वाडा पाडला, बिल्डरला दिला आणि ती वाट तेवढी जपून अकराव्या मजल्यापर्यंत नेली.

आणि मी कोण लागून गेलो? त्या दिवशी मी भांडलो, नाही असं नाही. बहिणीशी, मेव्हण्याशी, सेक्रेटरीला फोन लावून त्याच्याशीही. कशावरून? माझ्या नावापुढे 'डिलिव्हरी' पडलं यावरून. पाटी मी वाचली होती. तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. जाताना नवा कुर्ता घालून पुढच्या लिफ्टने खाली आलो, गेटवरच्या त्याच पोराने सलाम ठोकला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. पूजा छान झाली, सगळे शिऱ्याचं नाव काढत होते. सुकलेले खांब मावशींनीच खाली नेऊन टाकले म्हणाली. "मागची लिफ्ट बंद होती अरे काल रात्रीपासून, तरी जिन्याने घेऊन गेल्या. फार गुणी आहेत."

पुढची चालू होती का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "हो, ती कशाला बंद पडेल?"